राजाबाईचं घड्याळ



आपल्याकडे बऱ्याच शाळांत घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. तो टण् टण् वाजला की चुलीपुढे बसलेल्या बाईलाही कळतं, साडेदहा झाले. आज आपण अशाच एका घंटेबद्दल बोलणार आहोत, फक्त ती २८० फूट उंच मनोऱ्यात आहे. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. दहा फुटांचा एक मजला धरला तर अठ्ठावीस मजले!

राजाबाई कोण? राणी नव्हे, मडमही नव्हे. प्रेमचंद रायचंद नावाच्या व्यापाऱ्याची आई. त्यानं पैसे दिले आणि अट घातली, नाव माझ्या आईचं द्यायचं. असं सांगतात, की तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि जैन रिवाजाप्रमाणे सूर्य मावळण्याआधी जेवायचं असायचं. घंटेचे ठोके ऐकून तिला कुणाला न विचारता वेळ कळावी, ही लेकाची इच्छा.

आता हा पैसा कुठून आला, ते आम्हांला जास्त महत्त्वाचं वाटतं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. मुंबईचे व्यापारी मालामाल झाले, प्रेमचंद त्यांतलाच. युद्ध संपलं, भाव कोसळले, त्याचंही दिवाळं निघालं. पण दान आधीच दिलेलं होतं. १८६९ ला काम सुरू झालं, १८७८ ला पुरं झालं. नकाशा काढला इंग्लंडच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनं. मनोऱ्यावर नाव एका आईचं आहे. ज्या बायांनी वाकून वाकून तो कापूस वेचला, त्यांचं नाव कुठंच नाही. वेचणीचे दिवस आले की आम्हांला हे हटकून आठवतं.

मनोरा इतका उंच कशाला? एक तर आवाज लांब जावा. दुसरं, त्या काळची मोठी घड्याळं वजनावर चालत. विहिरीत पोहरा सोडावा तसं जड वजन दोरावर हळूहळू खाली उतरतं, त्या ओढीनं चाकं फिरतात. लंबक एकेक दात सोडतो, म्हणून चाकं धावत सुटत नाहीत. वजन तळाशी आलं की चावी देऊन पुन्हा वर घ्यायचं. जितकी जागा खोल, तितकी चावी उशिरा.

सुरुवातीला हे घड्याळ सोळा सुरावटी वाजवायचं, त्यांत इंग्रजांच्या राणीचं गाणंही होतं. आता दर पंधरा मिनिटांनी एकच सुरावट वाजते. २०१५ साली मनोऱ्याची डागडुजी पूर्ण झाली आणि २०१८ साली आसपासच्या इमारतींबरोबर तो जागतिक वारसा ठरला.

मुंबईला जाणं झालंच, तर बोरीबंदरहून पायी वीस-पंचवीस मिनिटं. ओव्हल मैदानाच्या पलीकडच्या कडेला उभं राहा, तिथून पूर्ण दिसतो. आणि ठोके पडेपर्यंत थांबा.