माडगं आणि मांडी

तापातून उठलेला माणूस पहिल्यांदा खाटेवरून उतरतो तेव्हा भिंत धरतो. हाताने तांब्या उचलता येतो, लटपटतात ते पाय. मांडी-पोटरीचे स्नायू एरवी दिवसभर अंगाचा भार पेलतात. माणूस आडवा पडला की त्यांचंच काम सुटतं, आणि बिनकामाचा स्नायू शरीर पोसत नाही. त्यातली प्रथिनं मोडून दुसरीकडे वापरतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजला, तर दहा दिवसांत त्याचा छेद सुमारे १८ टक्क्यांनी आक्रसला होता!

करमाळा तालुक्यातलं केम कुंकवासाठी प्रसिद्ध. पण इकडच्या गावांत आजाऱ्यापुढे येतं ते हुलग्याचं माडगं. भाजलेल्या हुलग्यांचं पीठ पाण्यात कालवायचं, गुठळी होऊ न देता ढवळत शिजवायचं, गूळ-सुंठ घालायची, वर तुपाची धार. हुलग्यात प्रथिनं शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम. सोबतच्या भाकरीच्या ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, हुलग्यात भरपूर. हुलग्यात मेथिओनिन कमी, ते भाकरी भरून काढते. प्रयोगशाळा निघण्याच्या कितीतरी आधी ही जोडी ताटात बसली होती.

आता खरी गंमत. माणूस चालू लागला की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते, पण मांडीला टेप लावला तर घेर जवळजवळ तेवढाच! मग जोर आला कुठून? मज्जासंस्थेतून. ऊसतोडीच्या मुकादमाने नवी माणसं न आणता खोपीत झोपलेल्यांनाच हाका मारून कामाला लावावं, तसे मेंदू आणि मज्जारज्जू सुस्तावलेल्या तंतूंना पुन्हा कामाला जुंपतात. मांस मागाहून, सावकाश भरतं. त्यासाठी माडगं हवंच, पण भारही हवा: खुर्चीतून हात न टेकता उठणं, ओट्याची पायरी चढणं, पुढे केमच्या उत्तरेश्वराच्या देवळापर्यंत चालत जाणं.

नुसतं खाऊन भागत नाही, हे २००७ च्या एका अमेरिकी प्रयोगात दिसलं. धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं. आहारात प्रथिनं नेमून दिल्याप्रमाणे होती, आजार कसलाच नव्हता. तरी दोन्ही पायांतलं मिळून जवळपास एक किलो मांस गेलं. म्हातारपणी स्नायू प्रथिनांना आळसावून दाद देतो, म्हणून दवाखान्यातून आलेल्या आजीला नुसत्या पेजेवर ठेवणं मला पटत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.