बारीक कंबर बुडते!

अफरवटच्या उतारावर मी मांडीपर्यंत बर्फात रुतून बसले होते. डाव्या पायात स्की नव्हती. ती बर्फाच्या पोटात कुठेतरी गडप झाली होती. उजवा गुडघा भलत्याच दिशेला फिरून, कळ देऊन परत आला होता आणि डोक्यात एकच शब्द घुमत होता, लिगामेंट! आदल्याच दिवशी खालच्या उतारावर आमच्या ग्रुपनं माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या, बरं का. चोवीस तासांत मी हिरॉइनची झीरो झाले होते.

ही माझी गुलमर्गची तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा मी शिकले ते मशीननं दाबून, विंचरून गुळगुळीत केलेल्या उतारांवर. त्याला स्कीवाले ‘ग्रूम्ड’ म्हणतात. या वेळी रात्रभर बर्फ पडला, सकाळी आभाळ निळंशार झालं आणि आमच्या ग्रुपमधल्या आयटीवाल्या मित्रानं फर्मान काढलं, ‘आज दुसरा टप्पा!’ गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे. २००५मध्ये सुरू झालेला गंडोलाचा दुसरा टप्पा तुम्हाला ३,९०० मीटरच्याही वर नेऊन सोडतो. तिथे मशीन-बिशीन काही नाही. नुसता मऊ, कोरडा, मैद्यासारखा बर्फ. पावडर!

फोटोत ही पावडर भन्नाट दिसते. प्रत्यक्षात मी तिसऱ्या वळणाला आडवी.

हरवलेली स्की शोधायला चांगली वीस मिनिटं लागली. आमचे इन्स्ट्रक्टर हातातल्या काठीनं बर्फ टोचत होते आणि मी मनातल्या मनात राजीनामा लिहीत होते. आपल्याला जमत नाही, वय झालं, जिमची फी वाया गेली, वगैरे वगैरे. स्की सापडल्यावर त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि हसले. ‘मॅडम, गलती आपकी नहीं है. यह तो नीचेवाली स्की है.’

नीचेवाली स्की? दुकानदारानं माझी उंची विचारली होती, वजन विचारलं होतं, बुटाचा नंबर विचारला होता. बर्फ कुठला, हे त्यानं विचारलं नाही आणि विचारायचं असतं हे मलाही कुठे माहीत होतं!

संध्याकाळी कहवा पिताना त्यांनी दोन स्कीज भिंतीला टेकवून शेजारी शेजारी उभ्या केल्या. एक माझी, एक त्यांची. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

माझी स्की डमरूसारखी होती. टोक रुंद, मध्ये बारीक कंबर, शेपूट पुन्हा रुंद. तिच्यावर आकडेही छापले होते, १२१-६८-१०४. म्हणजे टोकाशी १२१ मिलिमीटर, कमरेला ६८ आणि शेपटाशी १०४. पुढे लिहिलं होतं, त्रिज्या १३ मीटर. स्कीच्या कडेची ती आत गेलेली कमान तशीच पुढे वाढवत नेली, तर एक मोठं वर्तुळ पूर्ण होईल. ही त्या वर्तुळाची त्रिज्या. दाबलेल्या, कडक बर्फावर तुम्ही स्की कलवता, वजनानं ती वाकते आणि तिची पोलादी कड बर्फात रुतून त्या कमानीच्या मागे मागे धावते. तुम्ही वळायचं नाही, स्कीच तुम्हाला वळवते! जितकं जास्त कलवाल, तितकं वळण आवळतं. हिशेबानं ६० अंश कलवलीत तर १३ मीटरचं वळण साडेसहा मीटरवर येतं. (६० अंश कलणारे टीव्हीवर असतात. मी विशीतच धन्य होते.)

आज हे इतकं सोपं वाटतं, पण १९९०च्या सुरुवातीपर्यंत स्कीज जवळजवळ सरळ फळ्याच असायच्या. दोन मीटरपर्यंत लांब, कंबर जेमतेम आत. स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीतल्या युरी फ्रान्को आणि पावेल श्कोफिच यांनी खोल कमरेची ‘एससीएक्स’ बनवली, ती १९९३मध्ये बाजारात आली आणि पुढच्या काही वर्षांत सरळ फळ्या अडगळीत गेल्या. आपण नवशिके आठवड्याभरात वळायला शिकतो, त्याचं बरंचसं श्रेय त्या कमरेला.

मात्र या कमरेची पकड इतकी जबरदस्त, की शर्यतींमध्ये गुडघ्यांच्या दुखापतींची ओरड सुरू झाली. शेवटी आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं २०१२-१३च्या मोसमापासून पुरुषांच्या जायंट स्लॅलमसाठी किमान त्रिज्या २७ मीटरवरून थेट ३५ केली. म्हणजे स्की पुन्हा सरळीकडे झुकवली. अमेरिकेच्या टेड लिगेटीनं या नियमाविरुद्ध भरपूर आगपाखड केली आणि मग त्याच सरळ स्कीजवर मोसमातली पहिलीच शर्यत तब्बल २.७५ सेकंदांनी जिंकली! पुढे २०१७मध्ये हा आकडा ३० वर आला. आपला आरिफ खान, गुलमर्गच्या पायथ्याचा मुलगा, २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलममध्ये ४५वा आला, तो या ३० मीटरच्या काळात.

असो. मुद्दा माझ्या बुडण्याचा होता.

गणपतीपुळ्याच्या वाळूत टाचेची सँडल घालून कधी चाललायत? टाच रुतते, सपाट चप्पल रुतत नाही. वजन तेच, पण ते पेलायला जागा वेगळी. मी सरळ मोबाइलवर हिशेब मांडला. बूट, जॅकेट धरून माझं वजन ६५ किलो. माझ्या दोन स्कीज मिळून साधारण २,९०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २२ ग्रॅम. इन्स्ट्रक्टरची स्की १८० सेंटिमीटर लांब, १३६-११२-१२६. त्या जोडीचं क्षेत्रफळ ४,३००च्या पुढे. त्यावर माझाच भार १५ ग्रॅमवर येतो. सरळ तिसरा हिस्सा कमी!

पण नुसत्या रुंदीनं भागत नाही. पावडरमध्ये कडेला धरायला काही नसतंच. तिथे कड नाही, तळ काम करतो, होडीसारखा. आता माझी डमरू स्की बघा. टोक आणि शेपूट रुंद, म्हणून ती तरंगू बघतात. कंबर बारीक आणि वजन नेमकं तिच्यावर, म्हणून ती बुडते. वर तिचं टोक आधीच आतल्या बाजूला वळायला टपलेलं. ते बर्फात अडकतं, एक पाय एकीकडे, दुसरा दुसरीकडे आणि मॅडम आडव्या.

आणखी एक फरक मी कधी बघितलाच नव्हता. माझी स्की टेबलावर ठेवली तर मधली बाजू कमानीसारखी उचललेली राहते. याला कॅम्बर म्हणतात. तुम्ही उभे राहिलात की ती दबते आणि टोकापासून शेपटापर्यंत सगळी कड बर्फावर टेकते. कडक उतारावर हेच हवं. इन्स्ट्रक्टरच्या स्कीचं टोक मात्र बरंच आधीपासून वर उचललेलं, नावेच्या नाळेसारखं. हा रॉकर. नाळ वर असली की ती बर्फात घुसत नाही, त्याच्यावर चढते.

हे डोकं पहिल्यांदा पूर्ण उलटं चालवलं ते शेन मॅककॉन्की नावाच्या अवलियानं. त्याचं म्हणणं, पावडर म्हणजे पाणी, मग पाण्यावरच्या स्कीजसारखीच स्की का नको? हा पठ्ठ्या अलास्काच्या बर्फात खरोखरच वॉटरस्कीज घालून उतरला. त्यातून २००२मध्ये व्होलांट कंपनीची ‘स्पॅट्युला’ आली. नावाप्रमाणेच अगदी आपलं उलथणं! कंबर १२५ मिलिमीटर, म्हणजे टोकापेक्षाही जाड आणि दोन्ही टोकं वर. लोक हसले. आज पावडरसाठी म्हणून जी स्की विकली जाते, तिच्यात त्या उलथण्याचा काही ना काही अंश असतोच. मॅककॉन्की स्वतः मार्च २००९मध्ये इटलीत, कड्यावरून स्कीसकट पॅराशूट उडी मारताना गेला.

दुसऱ्या दिवशी मी ११२ची कंबर भाड्यानं घेतली. तोच उतार, तोच (कुरकुरणारा) गुडघा. काय सांगू! स्की बर्फाच्या वर आली. वळण घ्यायला कड रोवायची गरज नाही, पाय जरा फिरवले की आपण घसरत घसरत वळतो, जणू लोण्यावरून. मी एकदाही पडले नाही. माझ्यात एका रात्रीत काय बदल झाला होता? काही नाही. कंबर बदलली होती, ४४ मिलिमीटरनं.

आणि मग माझा अतिशहाणपणा. त्याच जाड्या स्कीज घेऊन मी पुढच्या सकाळी खालच्या ग्रूम्ड उतारावर गेले. रात्रभर गोठून तो टणक झाला होता. इथे गणित फिरलं. पायाच्या मध्यापासून कड ५६ मिलिमीटर लांब, आधीच्या बारीक स्कीवर ती ३४वर होती. कलवायला गेले की बर्फ त्या लांबच्या कडेला खालून ढकलतो, स्की पुन्हा सपाट पडू बघते आणि ती मुरड घोट्यातून थेट गुडघ्यात. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला एवढा वेळ, की जणू सरकारी ऑफिसात फाइल पुढे सरकतेय! तासाभरात गुडघ्यानं हात टेकले.

म्हणून सांगते, दोन्हीकडे जायचं असेल आणि बजेट एकाच जोडीचं असेल, तर ८५ ते ९५ची कंबर आणि टोकाला थोडासा रॉकर मागा. दोन्हीकडे अव्वल नाही, पण दोन्हीकडे घरी सुखरूप. पूर्ण आठवडा खालीच शिकायचं असेल, तर ७०च्या आसपासची घ्या आणि जाड्या स्कीवाल्यांच्या फोटोंकडे दुर्लक्ष करा.

एक गोष्ट मात्र मला आजही खटकते. ११२वर तरंगायला लागल्यावर आमच्या आयटीवाल्याला अचानक सगळंच सोपं वाटायला लागलं. गंडोलाच्या कडेला एक अख्खी कोरी बाजू दिसत होती, एकही रेघ नसलेली. ‘तिकडे जाऊ या ना!’ खरं सांगू? मलाही जायचं होतं. रुंद स्की तुम्हाला अशा उतारावर नेते, जिथे पोहोचण्याची तुमची लायकी अजून झालेली नसते. आणि साधारण ३० ते ४५ अंशांचे, ताज्या बर्फानं लादलेले उतारच हिमस्खलनाचे असतात. १ फेब्रुवारी २०२३ला याच अफरवटवर पोलंडचे दोन स्कीअर्स हिमस्खलनात गेले. फेब्रुवारी २०२४मध्ये गुलमर्गलाच एक रशियन. स्कीची कुठलीही कंबर त्यावर तरंगत नाही. आमच्याकडे बीकन नव्हता, फावडं नव्हतं, बर्फात टोचायची सळई नव्हती. इन्स्ट्रक्टर फक्त ‘नहीं’ म्हणाले. मित्र दोन दिवस फुगून बसला होता. बसू दे.

शेवटच्या सकाळी मी पुन्हा त्या पहिल्या दुकानात गेले. दुकानदारानं ओळखलं. ‘कौन सी दूँ, मॅडम?’

मी विचारलं, ‘ऊपर रात को कितना गिरा?’

त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा वर अफरवटकडे बघितलं आणि म्हणाला, ‘कुछ नहीं गिरा.’

मी ६८ची उचलली.