नायकाचा मुका सोबती: कॉमिक्सपासून खंडोबापर्यंत

कॉमिक्समधल्या महानायकाजवळ अनेकदा एखादा प्राणी असतो. कधी कुत्रा, कधी घोडा, कधी ससाणा. हा प्राणी शोभेसाठी नसतो. कथेत त्याला ठरलेली कामे असतात आणि वाचकाच्या मनात त्याचे स्वतंत्र स्थान असते.

या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध जोडी फॅन्टमची. ली फॉक यांनी लिहिलेली आणि रे मूर यांनी चितारलेली ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतल्या वृत्तपत्रांतून सुरू झाली. जंगलातल्या कवटीच्या आकाराच्या गुहेत राहणाऱ्या या बुरखेधारी नायकाचे दोन सोबती आहेत: हीरो नावाचा पांढरा घोडा आणि डेव्हिल नावाचा लांडगा. डेव्हिलला कुणी कुत्रा म्हटले, की तो लांडगा असल्याचे फॅन्टम आवर्जून सांगतो.

पुढे ही प्रथा फोफावली. मार्च १९५५ मध्ये ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’च्या २१०व्या अंकात सुपरमॅनचा कुत्रा क्रिप्टो आला. क्रिप्टॉन ग्रहावरून चाचणीसाठी सोडलेले त्याचे यान भरकटले आणि काही वर्षांनी पृथ्वीवर पोहोचले, अशी त्याची कथा. धन्याप्रमाणे त्यालाही उडता येते. त्याच वर्षी बॅटमॅनला एस हा कुत्रा मिळाला. त्याच्या कपाळावर ताऱ्यासारखी खूण होती. त्या खुणेवरून लोक कुत्र्याला ओळखतील आणि मग मालकालाही, म्हणून त्यालासुद्धा मुखवटा चढवावा लागला. १९६९ मध्ये आलेल्या फाल्कन या नायकाबरोबर रेडविंग हा ससाणा आला.

लेखकांना असा प्राणी हवासा का वाटतो, याची कारणे कॉमिक्सच्या घडणीत आहेत. चित्रचौकटीत एकटा नायक मोठ्याने बोलू लागला तर ते विचित्र दिसते. समोर प्राणी असला की त्याला आपला बेत बोलून दाखवता येतो आणि वाचकाला तो कळतो. महानायकाची खरी ओळख गुप्त असते; ती माणसाला सांगण्यात धोका असतो, मुक्या जनावराला कळली तरी ती बाहेर फुटत नाही. संकटाची चाहूल देणे, माग काढणे, बांधलेल्या धन्याची सुटका करणे ही कामेही प्राणी करतो. सर्वांत मोठे काम मात्र भावनेचे असते. ज्याची शक्ती माणसांना भीती वाटावी इतकी अफाट, त्याच्या पायाशी एखादे जनावर निर्धास्त बसलेले दिसले, की वाचकाचाही त्याच्यावर विश्वास बसतो.

मराठी घरांत फॅन्टम इंद्रजाल कॉमिक्समधून आला. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ही मालिका मार्च १९६४ मध्ये मुंबईहून सुरू केली. पुढे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ती निघाली आणि १९९० पर्यंत चालली. मराठीत फॅन्टमचा ‘वेताळ’ झाला.

घोडा आणि कुत्रा बरोबर घेऊन दुष्टांवर चालून जाणारा वीर मराठी मुलखाला मात्र आधीपासून ओळखीचा होता. तो म्हणजे खंडोबा. मणी आणि मल्ल या दैत्यांचा वध करणाऱ्या या देवाचे अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याशी जवळचे नाते आहे. त्याची पत्नी म्हाळसा ही नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक, अशी कथा आहे. पारनेर तालुक्यात पिंपळगाव रोठा येथे कोरठण खंडोबाचे देवस्थान असून पौष पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. जामखेड तालुक्यातल्या चोंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई ज्या होळकर घराण्यात सून म्हणून गेल्या, तेही खंडोबाचे भक्त. त्या घराण्यातली मल्हारराव आणि खंडेराव ही नावे त्याच देवाची.

देवघरातल्या टाकावर हा सगळा प्रसंग कॉमिक्सच्या एका चौकटीसारखा मावतो: घोड्यावर खंडोबा आणि म्हाळसा, देवाच्या हाती खड्ग, घोड्याच्या पायांशी कुत्रा. दोन्ही प्राण्यांना स्वतःची कथा आहे. मरताना मणीला पश्चात्ताप झाला आणि त्याने आपला पांढरा घोडा देवाला अर्पण केला. म्हणजे हे वाहन मुळात शत्रूचे. दैत्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून नवा दैत्य उभा राहत असे. काही कथांत ते रक्त खाली पडण्याआधी पिऊन टाकण्याचे काम खंडोबाच्या कुत्र्याने केले आहे. युद्धाचा निकाल त्यामुळेच लागतो.

या जोडीमागे इथल्या माळरानाचे जगणेही आहे. खंडोबा धनगरांचा लाडका देव आणि त्याची दुसरी पत्नी बाणाई धनगराची. मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगराच्या वाड्यावर बिऱ्हाड वाहायला घोडे आणि रात्री लांडग्यापासून मेंढरे राखायला कुत्री असतात. फॅन्टमच्या कथेत लांडगा सोबती झाला. या माळावर लांडगा हा मेंढरांचा वैरी, म्हणून सोबतीचा मान कुत्र्याकडे गेला. रा. चिं. ढेरे आणि जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबाचा सखोल अभ्यास केला. सोन्थायमर यांच्या लेखनात खंडोबा शिकारी, योद्धे आणि मेंढपाळ यांचा राजा म्हणून दिसतो. या तिघांचेही कुत्र्यावाचून चालत नाही.

कॉमिक्समधला प्राणी आणि खंडोबाचा कुत्रा यांत एक मोठा फरक आहे. क्रिप्टो किंवा डेव्हिल यांच्यावर वाचक प्रेम करतो, पण ते प्रेम पानापुरते राहते. खंडोबाच्या कुत्र्याला प्रत्यक्ष आचारात मान आहे. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा असा नैवेद्य होतो आणि अनेक घरांत त्यातला घास कुत्र्याला घालतात. देवाला वाहिलेले वाघे स्वतःला देवाचे कुत्रे मानतात. काही ठिकाणी ते भुंकत, कोटंब्यातला, म्हणजे आपल्या भिक्षापात्रातला, प्रसाद थेट तोंडाने खातात. देवाजवळ जायचे तर त्याच्या सर्वांत इमानी सेवकासारखे व्हावे, ही त्यामागची श्रद्धा.

महानायकाच्या सोबत्याचा विचार करताना ही परंपरा लक्षात घ्यायला हवी. नायक बलवान असला तरी त्याची लढाई एकट्याची नसते, हे दोन्हीकडे सांगितले आहे. कॉमिक्सने त्या प्राण्याला शक्ती, नाव आणि मुखवटा दिला. खंडोबाच्या भक्तांनी त्याला ताटातला वाटा दिला आणि त्याच्या इमानाला भक्तीचा आदर्श मानले.