फीडमधलं चित्र फोनवर कसं उमटतं

फीडमध्ये चित्र नसतंच, त्याचा फक्त पत्ता असतो. पायथनमध्ये पहिलं मोबाइल ॲप लिहिणाऱ्याने एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा गोंधळ टळतो.

नासाचं 'इमेज ऑफ द डे' हे आरएसएस फीड घ्या. ती एक्सएमएलमध्ये लिहिलेली निव्वळ मजकुराची फाइल असते. प्रत्येक नोंदीत शीर्षक, वर्णन आणि 'एन्क्लोजर' नावाचा टॅग. या टॅगवर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: चित्राची यूआरएल, फाइल किती बाइटची आहे ते आणि तिचा प्रकार. सगळी फीड मात्र अशी शिस्तीची नसतात. काही जण पत्ता 'मीडिया' नावाच्या वेगळ्या टॅगमध्ये देतात, काही वर्णनातल्या एचटीएमएलमध्ये. म्हणून आधी एन्क्लोजर, मग मीडिया, शेवटी वर्णन असं शोधत जावं. काहीच सापडलं नाही तर नुसतं शीर्षक दाखवावं.

फीड वाचायला 'फीडपार्सर' ही लायब्ररी उत्तम आहे. पण तिला थेट यूआरएल दिली, तर उत्तर येईपर्यंत ती वाट बघत बसते. स्क्रीन रंगवण्याचं आणि बोटाचा स्पर्श ओळखण्याचं काम ज्या मुख्य थ्रेडवर चालतं, तिथेच ही वाट बघितली तर ॲप गोठतं. पायथनमध्ये ॲप बनवण्याची 'किवी' ही फ्रेमवर्क वापरत असाल तर मजकूर 'यूआरएलरिक्वेस्ट'कडून मागवा. ती वेगळ्या थ्रेडवर काम करते आणि उत्तर मुख्य थ्रेडवर आणून देते. मग तो मजकूर फीडपार्सरच्या हाती द्या.

चित्रासाठी किवीत 'एसिंकइमेज' आहे. त्याच्या 'सोर्स'मध्ये पत्ता भरला की चित्र मागच्या मागे उतरतं, आणि तोवर त्या जागी 'लोड होत आहे' असं सांगणारं छोटं चित्र दिसतं.

खरी परीक्षा मेमरीची. ४०००×३००० पिक्सेलचा जेपेग फोटो उतरताना दोन-तीन एमबीचा असेल; पण दाखवण्यासाठी तो उलगडावा लागतो. १ कोटी २० लाख पिक्सेल, प्रत्येकाला रंगाचे किमान ३ बाइट, म्हणजे ३६ एमबी. असे दहा फोटो एका यादीत ठेवले तर ३६० एमबी! साध्या फोनवर अँड्रॉइड असं ॲप सरळ बंद करून टाकतं, आणि लिहिणारा कोडमध्ये चूक शोधत राहतो. लांब यादीसाठी 'रिसायकलव्ह्यू' वापरावा. तो स्क्रीनवर मावतील एवढेच विजेट ठेवून तेच फिरवून वापरतो. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण किवीचा लोडर उतरलेलं चित्र काही काळ कॅशमध्ये धरून ठेवतो. म्हणून फीडमध्ये थंबनेलचा पत्ता असेल तर यादीत तोच द्यावा, आणि मोठं चित्र वाचकाने बोट लावल्यावरच मागवावं. माझ्या मते हा या साऱ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे.

संगणकावर चाललेलं ॲप फोनवर चित्रं दाखवत नसेल, तर किवीचं ॲप फोनसाठी बांधणाऱ्या 'बिल्डोझर' या साधनाची स्पेक फाइल उघडा. परवानग्यांमध्ये 'इंटरनेट' हवं. रिक्वायरमेंट्समध्ये फीडपार्सर, तिला लागणारी 'एसजीएमएललिब३के' आणि एचटीटीपीएस पत्त्यांची प्रमाणपत्रं तपासण्यासाठी 'सर्टिफाय' हवी.

ॲप दुसऱ्यांच्या हाती देण्याआधी घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर, मोबाइल डेटावर, यादी शेवटपर्यंत सरकवून पाहा.