टायरचीही परीक्षा असते

बाजारच्या दिवशी गटाचा माल घेऊन आपण टेम्पोत नाहीतर वडापच्या जीपमध्ये बसतो. भाडं किती, जागा आहे का, एवढं विचारतो. टायरकडे मात्र कुणी बघत नाही. म्हणून आज आम्ही टायरबद्दल बोलणार आहोत.

टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. आत नायलॉन, पॉलिस्टर किंवा पोलादी तारांचे थर असतात. खरी ताकद त्यांची. ती तपासायला प्रयोगशाळेत हवा भरलेल्या टायरवर गोल टोकाची पोलादी दांडी दाबतात. कारच्या टायरसाठी ही दांडी १९ मिलिमीटर जाड असते आणि मिनिटाला ५० मिलिमीटर इतक्या सावकाश आत जाते. घेरावर पाच ठिकाणी असं करतात. टायरने किती जोर सोसला, ते मोजतात. रस्त्यावरचा टोकदार दगड लागला तर टायर टिकेल का, हे यावरून कळतं.

दुसरी परीक्षा पळण्याची. टायरवर वजन देऊन तो मोठ्या फिरत्या ड्रमवर पळवतात, वेग वाढवत नेतात. मग थर सुटले का, धागे तुटले का, ते पाहतात.

आपल्याकडे अशा तपासण्यांसाठी भारतीय मानक ब्युरोची मानकं आहेत. दुचाकी-तीनचाकीच्या टायरसाठी आयएस १५६२७, कारसाठी १५६३३, ट्रक-बससाठी १५६३६. टायर घेताना आयएसआयचा शिक्का बघूनच घ्यावा.

पण बायांनो, ही परीक्षा ठरलेल्या हवेत आणि ठरलेल्या वजनात होते. टायरवर ८२ हा भारांक असेल, तर तो एक टायर जास्तीत जास्त ४७५ किलो पेलतो. चार टायरचे झाले १९०० किलो, आणि त्यात गाडीचं स्वतःचं वजनही आलं! हवा कमी किंवा वजन जास्त असलं की टायरची बाजू सारखी दबते, आतून तापते, थर सुटतात आणि टायर फुटतो. भाडं वाचावं म्हणून “एकाच खेपेत सगळं भरा” असं आपणच म्हणतो. पास झालेला टायर असा आपणच नापास करतो.

गाडीत चढण्याआधी चार गोष्टी बघा. टायरला फुगा, चीर किंवा बाहेर आलेली तार नको. नक्षी झिजलेली नको. नक्षीची खोली दुचाकी-तीनचाकीला किमान ०.८ आणि बाकी गाड्यांना १.६ मिलिमीटर हवी, असा नियम आहे. खाचांमध्ये रबराच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की टायर बदलायचा. टायरवरचे चार आकडे त्याचं वय सांगतात. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५वा आठवडा. आणि हवा टायर थंड असताना तपासलेली हवी.

“दादा, हवा बघितली का?” हे विचारायला लाजू नका. आणि माल जास्त असेल, तर दोन खेपा करा. जास्तीचं भाडं गटाच्या खर्चात धरा.