घणाच्या गतीचे मोजमाप

कोल्हापूरच्या उद्योगांचे नाव प्रामुख्याने फौंड्रीशी जोडले गेले आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत ओतकाम मोठ्या प्रमाणावर चालते. परंतु सतत आघात आणि पीळ सोसणारे यंत्रभाग पुष्कळदा ठोकून घडवावे लागतात. सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविलेले पोलाद डायमध्ये ठेवून त्यावर यांत्रिक घणाचा आघात करणे, हे फोर्जिंगचे स्थूल स्वरूप होय.

या आघाताची ऊर्जा घणाच्या वजनाच्या प्रमाणात, पण त्याच्या गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन टनांचा घण सेकंदाला ५ मीटर गतीने आदळला, तर २५ हजार ज्यूल ऊर्जा मिळते. हीच गती ४ मीटरवर आली की ऊर्जा १६ हजार ज्यूलवर उतरते. गतीतील घट पाचव्या हिश्श्याची, ऊर्जेतील मात्र एक-तृतीयांशाहून अधिक! मार्गिकांतील घर्षण, हवेची गळती वा अपुरा दाब यांमुळे अशी घट होऊ शकते. मग डाय पूर्ण भरत नाही, जादा ठोके द्यावे लागतात आणि तेवढ्या वेळात पोलाद थंड होते. उलट, गरजेपेक्षा अधिक जोराचे ठोके बसत राहिले तर महागडी डाय तडकते. अनुभवी कारागीर ठोक्याच्या आवाजावरून पुष्कळ काही ओळखतो. त्या जाणकारीचे मोल मोठेच. परंतु ती नोंदवहीत उतरविता येत नाही.

घणावर बसविलेले उपकरण त्याच्या हादऱ्याने लवकर निकामी होण्याची भीती असते. कॅमेरा दूर उभा राहतो, हा त्याचा मोठा गुण. सेकंदाला २५ चित्रे टिपणाऱ्या साध्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये घण २० सेंटिमीटर खाली आलेला असतो. सेकंदाला १००० चित्रे घेतल्यास हे अंतर अवघे ५ मिलिमीटर होते. घणावर काळ्या-पांढऱ्या रंगाची खूण करावयाची, आघातापूर्वीच्या शेवटच्या काही चित्रांत ती किती सरकली हे मोजावयाचे आणि त्या अंतरास लागलेल्या वेळेने भागावयाचे, एवढेच गणित. ठोक्यानंतर घण किती गतीने उसळतो, हेही त्याच चित्रांत दिसते. पोलाद थंड होऊन कडक झाले की उसळी वाढते. ठोक्याचा भार तेव्हा डाय व पायावर पडत असतो.

खबरदारी मात्र हवी. कॅमेरा घणाच्या पायापासून अलग, हादरे न पोहोचतील अशा जागी आणि घणाच्या मार्गाशी काटकोनात असावा. मोजपट्टी खुणेच्याच प्रतलात धरावी. ती कॅमेऱ्याच्या अधिक जवळ असल्यास गती प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. प्रखर प्रकाशही आवश्यक असतो, कारण प्रत्येक चित्र सेकंदाच्या अत्यल्प अंशात टिपावे लागते.

बाबूराव पेंटर यांनी ज्या नगरीत स्वतः चलच्चित्र कॅमेरा तयार केला, त्या नगरीला कॅमेऱ्याचे हे नवे काम परके वाटू नये.

लहान कारखान्यांना वेगवान कॅमेऱ्याची किंमत परवडेलच असे नाही. सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या मोबाइलवर ५ मीटर गतीचा घण दर चित्रागणिक सुमारे २ सेंटिमीटर सरकतो. त्यावरून ढोबळ अंदाज येतो. मात्र गतीत ५ टक्के चूक झाली तर ऊर्जेत सुमारे १० टक्के चूक होते. आजच्या ठोक्याची महिन्यापूर्वीच्या ठोक्याशी तुलना करण्यास तो अंदाज उपयोगी पडतो. नव्या यंत्राची क्षमता प्रमाणित करण्यास तो पुरेसा नाही.