तारामतीचा शोध

पडद्यावर स्त्री दिसणे आज आम्हांस स्वाभाविक वाटते. १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना, अखेर अण्णा साळुंके या पुरुषासच ती भूमिका करावी लागली. पुढे स्त्रिया चित्रपटांत आल्या, तरी प्रतिष्ठित घरांना हा व्यवसाय कमीपणाचा वाटे. दुर्गाबाई खोटे अशाच सुशिक्षित घराण्यातल्या, दोन मुलांच्या आई. पैशाच्या अडचणीमुळे त्या या व्यवसायात आल्या आणि लोकनिंदा सोसून टिकल्या. १९३२ साली ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात त्यांनी तीच तारामती उभी केली. १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. तारामतीसाठी वणवण केलेल्या माणसाच्या नावानेच तारामतीचा गौरव झाला, असे आम्ही समजतो.